देवाशी खरं बोल, बयो

बयो, तू विचारलंस ते फार बरं केलंस. ‘ताई, प्रार्थनेत देवावर चिडून काही बोलून गेले तर पाप लागतं का?’ हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. आपल्या मंडळीतल्या कितीतरी लेकीसुना तो मनात दाबून बसलेल्या असतात. प्रार्थनेची वेळ आली की ‘हे दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या’ म्हणून सुरुवात करतात, पाळकसाहेबांच्या तोंडची दोन-चार वाक्यं म्हणतात, सगळ्यांचं भलं मागतात आणि आमेन म्हणून पदर सावरत उठतात. मजुरीला गुजरातेत गेलेल्या नवऱ्याचा महिनोनमहिने फोन नसतो, सासूबाईंचे बोल जिव्हारी लागलेले असतात, कूस उजवत नसते. त्यातलं एक अक्षर देवापुढे येत नाही.

म्हणून उत्तर आधी सांगते, मग सविस्तर बोलते. नाही, पाप लागत नाही. देवापाशी येऊन चिडणारी बाई अजून देवापाशीच असते. जी मनातून केव्हाच निघून गेली आणि तोंडानं मात्र गोड बोलत राहिली, तिची मला जास्त काळजी वाटते.

तू म्हणशील, हे ताईचं आपलं मत झालं. तर पवित्र शास्त्र काढ आणि स्तोत्रसंहिता उघड. 150 स्तोत्रं आहेत. आपण उपासनेत स्तुतीची स्तोत्रं वाचतो, त्यामुळे ती तेवढीच आहेत असं वाटतं. खरं तर जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्यांची आहेत. 13व्या स्तोत्रात दावीद देवाला विचारतो की मला किती दिवस विसरून राहणार आहेस. हे विनवणीच्या सुरातलं विचारणं नाही, एकामागून एक जाब विचारलेला आहे. 88वं स्तोत्र तर सुरू होतं दुःखात आणि संपतंही अंधारात. शेवटी ‘तरीही मी तुझं स्तवन करीन’ असं एक वाक्य जोडून ते गोड केलेलं नाही. इतकी शतकं लोटली, पण कुणी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही. देवानं स्वतःच्या ग्रंथात ते राहू दिलं, यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हन्नाची गोष्ट तुला ठाऊकच आहे, पण आता जरा तिच्या जागी उभी राहून वाच. मूल नाही, सवत टोचून टोचून बोलते, नवरा म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का. ती जेवण टाकून शिलोच्या मंदिरात जाते आणि ढसाढसा रडते. ओठ हलतात, आवाज निघत नाही. एली याजकाला वाटतं बाई दारू पिऊन आली आहे. देवाच्या घरातल्या मोठ्या माणसानं असा आरोप केल्यावर दुसरी एखादी लाजेनं पळून गेली असती. हन्ना तिथेच उभी राहते आणि याजकाला सांगते की मी प्यायलेली नाही, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओतते आहे. देवापुढे खरं बोलण्याची सवय लागली की माणसांपुढेही खरं बोलायचं बळ येतं, हे मी हन्नापासून शिकले.

ईयोबाचंही तसंच. सगळं गेल्यावर तो देवाला नको नको ते बोलला. त्याचे मित्र मात्र देवाच्या बाजूनं फार शहाण्यासारखं बोलत होते. अगदी आपल्याकडे सांत्वनाला येणारी माणसं बोलतात तसंच: तुझंच काही चुकलं असेल, पश्चात्ताप कर, म्हणजे सगळं ठीक होईल. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला असं म्हणतो. शिव्याशाप वाटावेत असं बोललेला माणूस देवाला योग्य वाटला आणि देवाची वकिली करणारे अयोग्य वाटले. हे वाचल्यापासून दुःखातल्या बाईला उपदेश करताना माझी जीभ आवरते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट गेथशेमानेची. आपला प्रभू तिथे ‘मला काही वाटत नाही, तुझी इच्छा असेल तसं होवो’ असं शांतपणे म्हणाला नाही. त्यानं आधी स्पष्ट मागितलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. एकदा मागून थांबला नाही, पुन्हा गेला आणि तेच मागितलं, मग तिसऱ्यांदा मागितलं. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे त्या मागण्याच्या पाठोपाठ येतं, आधी नाही. आपल्याला लहानपणापासून दुसरं वाक्य शिकवतात आणि पहिलं गाळून टाकतात. स्वतःची इच्छा काय आहे हेच जिनं कधी देवाला सांगितलं नाही, ती ती इच्छा त्याच्या हाती सोपवणार तरी कशी? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की येशूनं मोठ्या आक्रोशानं आणि आसवं गाळत प्रार्थना केली, आणि त्याच पत्रात आपल्याला धैर्यानं कृपेच्या राजासनाजवळ यायला सांगितलं आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाच.

आपण काय करतो सांगू? घरी मोठा पाहुणा आला की त्याला बाहेरच्या खोलीत बसवतो, चादर झटकतो, चांगल्या कपातून चहा देतो आणि आतलं दार लोटून घेतो. प्रभूलाही आपण वर्षानुवर्षं असंच बाहेर बसवून ठेवलंय. आत खरकटी भांडी पडली आहेत, चूल विझली आहे, तिथे त्याला येऊ देत नाही. तो तर तिथेच यायला आला आहे.

आता कुणी म्हणेल, हे असलं मोकळं बोलणं आपल्या संस्कारात बसत नाही. मला हे पटत नाही. मराठी माणसाला देवाशी भांडणं कुणी शिकवायला नको. जनाबाईनं विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्या. नामदेव त्याच्यावर रुसले. तुकोबांनी त्याच्याकडे हिशेब मागितला. ते ऐकत ऐकत वाढलेले नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, तरी तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असंच सांगत राहिले. त्यांनी आपल्या उपासनेत अभंग आणला, भजन आणलं. परदेशी चालीत बसवलेल्या गायनांपेक्षा आपल्या माणसाचं मन अभंगात मोकळं होतं हे त्यांना कळलं होतं. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई! नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं, कित्येक वर्षं ताटातूट सोसली. पुढे त्या स्वतःच्या मनानं ख्रिस्ताकडे आल्या. पण ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना आधीचं रडणं, संताप, सोवळंओवळं, काही म्हणजे काही झाकलं नाही. विश्वासात आल्यावर जुनं दुःख पुसून टाकावं लागतं असं त्यांना वाटलं नाही. ते पुस्तक मिळालं तर जरूर वाच.

पंडिता रमाबाईंविषयी तर तुला थोडं जास्तच सांगायचंय. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील, बहीण गेले. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला, पदरात लहान मनोरमा. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी आसरा दिला, शिकवलं, त्यांचे उपकार होतेच. तरीही एखादी शिकवण पटली नाही की रमाबाई त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांतून स्वच्छ लिहीत: हे मला पटत नाही, माझ्या सदसद्विवेकबुद्धीवर मी कुणाची सत्ता चालू देणार नाही. त्यावरून त्या लोकांचं मन दुखावलं, पण रमाबाईंनी खोटी मान डोलावली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत सांगितलं की मला आधी ख्रिस्ती धर्म सापडला आणि ख्रिस्त स्वतः नंतर भेटला. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी! एवढ्या प्रसिद्ध बाईनं हे कबूल करणं किती अवघड असेल बघ. मला वाटतं, ज्या मनानं माणसांपुढे ‘पटलं नाही’ म्हटलं, त्याच मनाला देव खराखुरा भेटला.

याच रमाबाईंनी 1905 च्या सुरुवातीला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं. सुमारे 70 जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 वर गेली. या मुली कोण होत्या? दुष्काळातून, रस्त्यावरून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकून दिलेल्या. त्यातल्या पुष्कळ तर 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, म्हणजे आपल्याच बाजूच्या मुलखातून रमाबाईंनी नेलेल्या. जूनच्या अखेरीस त्या मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. शेकडो आवाज एकदम. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्यांना तो गोंधळ वाटला, टीकाही झाली. रमाबाईंनी मुलींची तोंडं बंद केली नाहीत. जन्मभर ज्यांना गप्प बस म्हणूनच ऐकवलं गेलं, त्यांना देवापुढे तरी मोठ्यानं बोलू द्यायचं, हे त्यांनी ओळखलं. तुझ्या-माझ्या आधी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती मुली असं धीटपणे देवाशी बोलून गेल्या आहेत. आपण नवीन काही करत नाही.

आता आपल्या रोजच्या गोष्टीकडे येते.

पहिलं, ज्या भाषेत रडतेस त्या भाषेत प्रार्थना कर. आपल्या धार जिल्ह्यातल्या राजगढमध्ये उपासना हिंदीत, बाजार माळवीत, शेजारच्या पाड्यावर भिली, आणि आईशी फोनवर बोलणं मराठीत. चर्चमध्ये हिंदीत प्रार्थना कर, त्यात वावगं काही नाही, सगळ्यांना कळायला हवं. पण एकटी असताना ‘हे प्रभु, हम तेरे चरणों में आते हैं’ म्हणायची गरज नाही. माहेरच्या बोलीत बोल. ‘देवा, आज मी फार थकले’ हे पाच शब्दसुद्धा पूर्ण प्रार्थना आहे. लांबलचक बोलल्यानं देव ऐकतो असं समजू नका, हे प्रभूनंच डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय.

दुसरं, मोघम मागू नकोस. बार्तीमय आंधळा आहे हे यरीहोच्या रस्त्यावर सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूनं त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? त्यानं सांगितलं, मला दिसावं. ‘आमच्या कुटुंबाला आशीर्वाद दे’ म्हणतेस तेव्हा तुला नक्की काय हवंय? सोयाबीनला भाव हवाय? धाकट्याची फी भरायची सोय हवी? नणंदेशी बोलणं सुरू व्हायला हवं? तेच माग. मागितल्यावर कळतं की आपल्याला खरंच काय हवं होतं. कधी कधी मागताना लाज वाटते, आणि त्या लाजेतूनही देव काही शिकवतो.

तिसरं, सौदा करू नकोस. मुलगा झाला तर इतके पैसे देईन, नोकरी लागली तर इतके उपास करीन, हे नवसाचं बोलणं आपल्या अंगात भिनलेलं असतं. देव तुझा बाप आहे. बापाशी लेक धीटपणे बोलते, हट्ट करते, रडते, पण भाव ठरवत नाही.

चौथी गोष्ट नीट ऐक, कारण इथेच पुष्कळ जणी मोडतात. धीटपणे प्रार्थना करणं म्हणजे देवाला हुकूम सोडणं नव्हे. काही प्रचारक म्हणतात, विश्वासानं जाहीर कर, मिळालंच पाहिजे. मग लेकरू बरं झालं नाही की त्याच आईला सांगतात, तुझा विश्वास कमी पडला. बयो, असं तुला कुणी म्हटलं तर मान खाली घालू नकोस. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. गेथशेमानेत प्रभूनं तीनदा मागितलं आणि प्याला टळला नाही. या दोघांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? मागणं तुझं काम. देणं, न देणं, उशिरा देणं त्याचं. ‘नाही’ मिळालं तर त्यावरही त्याच्याशी बोल. रड, विचार, गप्प बस, पण उठून जाऊ नकोस.

पाचवं, प्रार्थना आणि औषध यांना एकमेकांच्या सवती करू नकोस. आपल्या धारमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओ’हारा 1895 साली आल्या. पवारांचं संस्थान, बायका पुरुष डॉक्टरपुढे जायच्या नाहीत, अशा काळात त्यांनी बायकांवर उपचार केले. मिशनरीही त्याच आणि डॉक्टरही त्याच. ज्या हातांनी प्रार्थना केली त्याच हातांनी बाळंतपणं केली. या भागात आपल्यापर्यंत सुवार्ता अशी आली, एका हातात शास्त्र आणि दुसऱ्या हातात औषध घेऊन. ताप आला तर प्रार्थना कर आणि दवाखान्यातही जा. रक्तदाबाची, साखरेची गोळी ‘विश्वासानं’ बंद करू नकोस.

आणि नवरा हात उचलत असेल, तर ‘प्रभू, मला सहन करायची शक्ती दे’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘प्रभू, मला यातून बाहेर काढ’ असं माग. मग माहेरी सांग, विश्वासातल्या बायकांना सांग, 181 या महिला हेल्पलाइनला फोन कर, पोलिसांत जा. देवानं तुला मार खायला बोलावलेलं नाही. मार सोसणं म्हणजे वधस्तंभ वाहणं, असं तुला कुणी शिकवलं असेल तर ते चुकीचं शिकवलं.

सहावं, चिकाटी सोडू नकोस. लूकच्या 18व्या अध्यायातली विधवा आठव. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, आणि ही बाई रोज जाऊन म्हणते, माझा न्याय कर. असली चिकाटी फक्त दाखल्यात असते असं समजू नकोस. झाबुआ, अलीराजपूर आणि आपल्या धार जिल्ह्यातली कितीतरी माणसं गुजरातेत गारगोटीचा भुगा करणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेली. ती धूळ फुप्फुसात बसली, सिलिकोसिस झाला, तरणीताठी माणसं खोकून खोकून गेली. मागे राहिलेल्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी अर्ज केले, मानवाधिकार आयोगाचं दार ठोठावलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वर्षानुवर्षं चाललं ते. 2016 साली न्यायालयानं 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये भरपाई द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. पैशानं माणूस परत येत नाही. पण अन्याय झालाय हे तरी देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला मान्य करावं लागलं. येशूनं तो दाखला सांगितला तो खचून न जाता सर्वदा प्रार्थना करावी म्हणून. अन्यायी न्यायाधीशसुद्धा शेवटी ऐकतो, तर तुझा बाप ऐकणार नाही का, असा त्याचा रोख आहे. प्रार्थना करणारी बाई न्यायासाठी दार ठोठावायला बाहेर पडली, तर ती प्रार्थना सोडून गेली असं मला कधीच वाटत नाही.

शेवटचं, एकटी पडू नकोस. पण सगळ्यांपुढे सगळं उघडही करू नकोस. प्रार्थनासभेत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सरदारपूरपर्यंत पोहोचते, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. एक अशी बहीण शोध, जी ऐकते आणि पोटात ठेवते. तिच्यासोबत आठवड्यातून एकदा बस. तिला सांग की आज मला प्रार्थना करवत नाही, तू माझ्या वतीनं कर. कफर्णहूमला चार जणांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडलं, तो स्वतः चालत गेला नव्हता. काही दिवस आपल्यालाही कुणीतरी उचलून न्यावं लागतं. आणि दुसरी कुणी तुझ्यापाशी येऊन रडली, तर लगेच वचनं सांगू नकोस. आधी ऐक. ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते गप्प बसले होते, तेवढं त्यांचं बरोबर होतं.

तुझं मन मी ओळखते. तुला भीती वाटते की एकदा खरं बोलायला लागलीस तर आतलं सगळं बाहेर येईल आणि मग श्रद्धाच उरणार नाही. असं होत नाही. जी श्रद्धा खऱ्या शब्दांना घाबरते ती मुळातच कच्ची. आणि जो देव 88वं स्तोत्र ऐकून घेतो, त्याला तुझं रडणं जड होणार नाही.

म्हणून आज रात्री भांडी आवरून झाली, सगळे झोपले की पाच मिनिटं बस. ठरलेली वाक्यं बाजूला ठेव. जे मनात आहे ते माहेरच्या बोलीत, नाव घेऊन, स्पष्ट सांग. राग असेल तर राग सांग, शंका असेल तर शंका सांग, काही हवं असेल तर ते मागून घे. तू त्याची लेक आहेस, दारात उभी राहू नकोस. आत जा आणि बोल.